ओहोटी आली की आत ये

इतिहासाची ऑडिओबुकं मी इस्त्री करताना ऐकते. भाजी निवडताना कथा चालते, चालायला जाताना गाणी चालतात, पण इतिहासाला इस्त्रीच लागते. हातात तापलेली वस्तू असली की माणूस सावध राहतो, आणि हल्लीचा लोकप्रिय इतिहास सावध राहूनच ऐकायला हवा.

माझी मतं कडक आहेत, ती आधीच सांगून टाकते. पहिली तक्रार घोड्याची. सगळ्या पुस्तकांत एकच घोडा आहे. टापांचा तोच आवाज, तीच खिंकाळी. स्वार बदलतात, राज्यं बदलतात, शतकं बदलतात, घोडा मात्र तोच धावतो आहे बिचारा. दुसरी तक्रार, फितूर माणसाचा आवाज. तो तोंड उघडतो तोच खरखरीत. इतक्या लांबून मला कळतं की हा दगा देणार, तर शेजारी बसलेल्या राजाला कसं कळत नाही? तिसरी बायकांची. इतिहासातल्या बायका ओवाळतात, नाहीतर हुंदका देतात. कोणी कधी हिशेब विचारत नाही, कोणी जात्यावर बसून सैन्याचं पीठ दळत नाही.

पिठाचं मला फार लागतं. मी डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका कारखान्याचं स्टोअर सांभाळते. माल आला किती, ठेवला कुठे, उद्या लागणार काय, याच्या याद्या करण्यात माझी उमर गेली. त्यामुळे ‘एका रात्रीत पाच हजारांची फौज डोंगर उतरून गेली’ असं कोणी घोगऱ्या आवाजात म्हणालं, की माझा हात थांबतो. पाच हजार माणसांनी खाल्लं काय? घोड्यांना चंदी कोणी आणली? ओलं झालेलं खोगीर वाळवलं कुठे? याची उत्तरं ज्या पुस्तकात असतात ते पुस्तक मी दोनदा ऐकते. कल्याणच्या बंदरात कुठला माल उतरायचा, वखारीत भाडं काय पडायचं, विहिरी कोणी बांधल्या, असलं काही साध्या आवाजात कोणी वाचलं, तर माझ्या साड्यांना त्या दिवशी कडक घड्या पडतात. पण असली पुस्तकं थोडी. श्रोत्यांना घोडा हवा असतो.

“तू इतिहास ऐकत नाहीस,” नवरा म्हणतो, “ऑडिट करतेस.”

“कोणीतरी करायला नको?”

“अगं, ते लोक मेले कधीचे.”

“सांगणारा जिवंत आहे ना.”

सांगणारा जिवंत होता, हाच खरा मुद्दा. या घोड्यावाल्यांमधला सध्या सगळ्यात गाजणारा आवाज, जो ऐकून लोकांच्या अंगावर काटा येतो, ज्याच्या पुस्तकांखाली ‘सर, साष्टांग दंडवत’ अशा ओळी पडतात, तो आवाज मला नववीत इतिहास शिकवायला होता.

आमचं घर ठाणे पूर्वेला कोपरीत होतं, खाडीकडच्या चाळीत. शाळा स्टेशनाच्या पलीकडे, ठाणे पश्चिमेला. आम्हा ईस्टच्या मुलांना तिथे जरा कमीच लेखायचे. सर तेव्हा तरुण होते, हात फिरवत शिकवायचे, आणि वर्ग त्यांच्यासाठी जीव टाकायचा. मीसुद्धा. इतिहास हा माझा सगळ्यात आवडता विषय होता हे इथे नोंदवून ठेवते.

एके दिवशी सरांनी गोष्ट सांगितली. अमावास्येची मध्यरात्र. मिट्ट काळोख. खाडीला ओहोटी. एक सरदार आपल्या माणसांना घेऊन चिखलातून चालत पलीकडे जातो आणि बेसावध शत्रूवर पडतो. वर्ग श्वास रोखून बसलेला. मी हात वर केला.

“सर, अमावास्येला मध्यरात्री ओहोटी नसते. भरती असते.”

यात माझी हुशारी काही नव्हती. आमच्या चाळीत ते लहान पोरांनाही ठाऊक होतं. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या सुमाराला, दुपारी आणि मध्यरात्री, खाडी तुडुंब भरते. उधाण मोठं असलं की गटारातून पाणी उलटं चढून गल्लीत यायचं. म्हणून आई अमावास्येच्या आदल्या दिवशी पिठाचा डबा माळ्यावर चढवायची आणि आमच्या शाळेच्या चपला खिडकीत ठेवायची. शेजारची कोळीण आजी तर बोटांवर सांगायची, तिथीची पाऊणपट कर, भरतीची वेळ आली. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा.

सर माझ्याकडे पाहून हसले. “तू होतीस का गं त्या रात्री तिथे?”

वर्ग हसला.

“नाही सर, पण…”

“भरतीबाई,” सर म्हणाले, “जरा व्हरांड्यात जाऊन पाणी बघा बरं. ओहोटी आली की आत ये.”

मग वर्ग जो हसला तो मी बाहेर जाईपर्यंत आणि त्यानंतरही हसत होता. मी तास संपेपर्यंत व्हरांड्यात उभी राहिले. घंटा झाली, सर माझ्या शेजारून गेले, मला काही बोलले नाहीत. त्या दिवसापासून दहावीच्या निरोप समारंभापर्यंत माझं नाव भरती. आजही आमच्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी भरतीच आहे. ज्यांना माझं खरं नाव आठवत नाही अशी माणसं आहेत त्यात. मी इतिहासाच्या तासाला पुन्हा हात वर केला नाही, आणि पुढे कॉमर्सला गेले.

तर त्या आवाजाचं पहिलं पुस्तक ॲपवर दिसलं तेव्हा मी ते ऐकायला घेतलं ते कौतुकाने नाही. मी टपून बसले. इस्त्रीच्या टेबलावर कागद ठेवला, पेन ठेवलं आणि जिथे चूक सापडली तिथला मिनिट-सेकंद लिहीत गेले. सापडल्या, भरपूर सापडल्या. एका लढाईत सकाळी मेलेला माणूस संध्याकाळच्या सभेत बोलत होता. एक किल्ला एका प्रकरणात खाडीच्या उत्तरेला, दुसऱ्यात दक्षिणेला. सगळं स्वच्छ लिहून, क्रमाने लावून, मी ॲपवर अभिप्राय टाकला. खाली सही केली, ‘एक श्रोता, डोंबिवली’. तारे दोन. त्या रात्री मला फार छान झोप लागली.

मला वाटलं सर चिडतील. ते चिडले नाहीत, तिथेच माझा डाव फिसकटला. अभिप्रायाखाली त्यांचं उत्तर आलं: ‘महोदय, आपण इतक्या बारकाईने ऐकता, मी ऋणी आहे. कृपया मला ईमेल करावा.’ मी केला. दुसऱ्या पुस्तकात आधीच्या बहुतेक चुका नव्हत्या. तिसऱ्याच्या वेळी त्यांनी विचारलं, प्रसिद्ध होण्याआधीच फाईल पाठवली तर महोदय ऐकतील का?

महोदय ऐकू लागले. मी त्यांच्या चुका पकडायची, ते दुरुस्त करायचे, आणि पुस्तकं आणखी गाजायची. सूड घ्यायला गेले आणि बिनपगारी मदतनीस झाले. नवऱ्याला या सगळ्याची फार मजा वाटायची. “महोदय, चहा घेणार का?” म्हणून विचारायचा. मी हे का चालू ठेवलं? कारण तो माणूस मला ‘आपण’ म्हणत होता. दर मेलमध्ये. ‘आपलं म्हणणं योग्य आहे.’ ‘आपण म्हणता तसंच करतो.’ माझ्या ओळखीविना का होईना, पण म्हणत होता.

गेल्या वर्षी चौथ्या पुस्तकाची फाईल आली. मी नवऱ्याचे शर्ट घेऊन बसले होते. मध्येच तोच काळोख, तोच चिखल, तोच सरदार. अमावास्येची मध्यरात्र, खाडीला ओहोटी. आणि मग सरांनी आवाज मऊ केला:

“माझ्या वर्गात एक चुणचुणीत मुलगी होती. ती म्हणाली, ‘सर, त्या रात्री तर भरती होती!’ मी तिला जवळ बोलावलं, म्हटलं, ‘बाळ, शूरांना समुद्रही वाट देतो.’ तिचे डोळे पाण्याने भरून आले.”

मागे बासरी.

शर्टाची कॉलर जळाली. नवरा धूर बघून आत आला. मी त्याला तेवढाच तुकडा पुन्हा ऐकवला.

“जवळ बोलावलं?” तो म्हणाला. त्याला व्हरांड्याची गोष्ट लग्न झाल्यापासून माहीत होती. “आता काय करणार महोदय?”

सोपे मार्ग दोन होते. एक, गप्प बसायचं, पुस्तक तसंच बाहेर जाऊ द्यायचं आणि खाडीकाठच्या कोणीतरी त्यांची टर उडवायची वाट पाहायची. दुसरा, नेहमीप्रमाणे मिनिट-सेकंद लिहून ‘भरतीची वेळ तपासावी’ असं पाठवायचं. दोन्हींत माझं काही भागत नव्हतं. मला त्या माणसाच्या तोंडून, त्याच गाजलेल्या आवाजात, ऐकायचं होतं की पोरगी बरोबर होती आणि त्याने तिला बाहेर उभं केलं. जितक्या लोकांसमोर माझं हसं केलं, त्याहून जास्त लोकांसमोर. बाकी काही नको होतं.

मी पंचांग काढलं. पुढची रविवारी येणारी अमावास्या शोधली. मेल लिहिला: ‘खाडीच्या प्रसंगाबद्दल शंका आहे. प्रत्यक्ष पाहून ठरवू. अमुक रविवारी दुपारी बाराला कोपरीच्या विसर्जन घाटावर यावं. मी तिथे असेन.’ लगेच उत्तर आलं: ‘अवश्य! महोदयांना भेटण्याची इच्छा होतीच.’

नवऱ्याने मला माणकोलीच्या पुलावरून गाडीने आणून सोडलं आणि “मी वडापाव खातो, तू लढ,” म्हणून निघून गेला. घाटाच्या पायऱ्यांवर पाणी चढत होतं. तिवरांची खोडं बुडाली होती, नुसते शेंडे वर. जुन्या निर्माल्याच्या पिशव्या पायरीला लागून हलत होत्या. वास तोच, माझ्या लहानपणीचा.

सर रिक्षातून उतरले. हातात काठी, डोक्यावर कापडी टोपी. खूप म्हातारे झाले होते. मला जरा धक्का बसला, कारण कानात ते अजून तरुण होते. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्यापुढून निघून चालले.

“सर,” मी म्हटलं, “मीच ती श्रोता.”

“आपण?” ते थबकले आणि मोठ्याने हसले. “अहो, मी इतकी वर्षं महोदय, महोदय करतोय! सांगायचं नाही का?”

“तुम्ही विचारलं नाहीत.”

“तेही खरं. बरं, काय शंका आहे आपली?”

मी पाण्याकडे हात केला. “आज अमावास्या. आत्ता बारा वाजून गेलेत. मध्यरात्रीही साधारण एवढंच पाणी असतं. यातून चालत जाऊन दाखवा.”

त्यांनी पाहिलं. एक लाट आली आणि त्यांच्या पायाखालच्या पायरीवर पसरली. त्यांनी काठी मागे घेतली.

“अरेच्चा,” ते म्हणाले. “हो की.”

एवढंच. मी इतकी वर्षं ज्या क्षणासाठी थांबले होते तो असा दोन शब्दांत निघून गेला. चेहरा पडला नाही, काही नाही. उलट खूष दिसले. “बरं झालं आपण दाखवलंत. आख्खा प्रसंगच काढून टाकतो. त्या मुलीसकट.”

“मुलगी का काढता?”

“तिचं काय काम मग? ती मी अशीच घातलीय हो. श्रोत्यांना लागतं असं काहीतरी. जरा घरगुती.”

“घातलीय म्हणजे?”

“म्हणजे रचलीय. अशी कोणी नव्हती.”

मी चपला काढून पायरीवर बसले. उभं राहणं शक्य नव्हतं म्हणून नाही, मला ओरडायचं नव्हतं म्हणून.

“होती,” मी म्हटलं. “नववीत. खिडकीजवळच्या रांगेत. ईस्टवरून यायची. तुम्ही तिला जवळ नाही बोलावलंत. तुम्ही म्हणालात, भरतीबाई, व्हरांड्यात जाऊन पाणी बघा, ओहोटी आली की आत ये.”

मी वाट पाहिली. त्यांना ओळख पटेल, वाईट वाटेल, निदान लाज तरी वाटेल. त्यांचे डोळे हळूहळू चमकले.

“म्हणजे ती खरी आहे!” ते म्हणाले. “आणि ती आपण! अहो, मग हे तर फारच उत्तम झालं. काय प्रसंग आहे! ‘ओहोटी आली की आत ये’. मी म्हणालो हे? वा!”

“तुम्हाला आठवत नाही?”

“छे हो. किती मुलं गेली हाताखालून.” त्यांनी काठी टेकून वाकून माझ्याकडे पाहिलं. “रागावलात की काय अजून?”

“हो.”

“अजून?”

“सर, माझं नाव अजून भरती आहे.”

मी त्यांना पुढे बोलू दिलं नाही. पर्समधून लिहून आणलेला कागद काढला आणि त्यांना वाचून दाखवला, चार ओळी. अमावास्येला मध्यरात्री खाडीला भरती असते. एका मुलीने हे वर्गात सांगितलं. ती बरोबर होती. मी तिची थट्टा करून तिला तासभर बाहेर उभं केलं. “हेच वाचायचं,” मी म्हटलं. “प्रसंग काढायचा नाही. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. बासरी नाही. नाहीतर तुमची पुढची फाईल दुसऱ्या महोदयांना पाठवा.”

“कडक आहात,” सर म्हणाले. पण कागद घेतला, घडी करून खिशात ठेवला. “वाचतो. शब्द दिला.”

रिक्षात बसताना ते वळून म्हणाले, “नाव काय म्हणालात आपलं? खरं नाव?”

मी सांगितलं, फोन नंबरही दिला-घेतला. त्यांनी मान हलवली, जशी माणसं ऐकून विसरताना हलवतात.

नवरा आला तेव्हा पाणी उतरायला लागलं होतं. “जिंकलीस?” त्याने विचारलं. मी म्हटलं, पुस्तक बाहेर येऊ दे, मग सांगते. स्टोअरमधली सवय आहे. माल हातात पडल्याशिवाय पावतीवर सही करत नाही.

पुस्तक आलं. मी नेहमी दीडपट वेगाने ऐकते, या वेळी साध्या वेगाने लावलं. मुद्दाम जाड बेडशीटं इस्त्रीला घेतली, जळायला वेळ लागतो म्हणून. तो प्रसंग आला. माझ्या चारही ओळी आल्या, शब्दाला शब्द. ‘ती बरोबर होती’ हे त्या आवाजात ऐकलं तेव्हा मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मी इस्त्री उभी करून ठेवली.

आणि मग बासरी वाजली.

“दुसऱ्या दिवशी,” सर म्हणाले, “मी त्या मुलीच्या बाकाजवळ गेलो. साऱ्या वर्गासमोर तिच्यापुढे हात जोडले. म्हटलं, बाळ, आज तू माझी गुरू झालीस.”

मी तेवढंच तीनदा ऐकलं. हात जोडले. बाळ. गुरू.

फोन टुणटुणायला लागला. बॅचचा ग्रुप. ‘भरती!! सर तुझ्याबद्दल बोलतायत!’ ‘ऐकून रडले मी, शप्पथ.’ ‘केवढं मोठं मन यार. कोण टीचर माफी मागतो?’ मग मागच्या बाकावर बसणाऱ्या एकाने लिहिलं, ‘मला आठवतंय ना. मी होतो तेव्हा वर्गात. सरांनी खरंच हात जोडलेले.’ त्याखाली आणखी दोघांना आठवलं. एकीला तर सरांच्या शर्टाचा रंगही आठवला.

मी ग्रुपवर लिहिलं, ‘नव्हते जोडले.’

उत्तर आलं, ‘अगं सोड ना आता. किती मनात ठेवशील?’

बघा, लोकप्रिय इतिहास असा तयार होतो. माझ्या डोळ्यांदेखत झाला, साक्षीदारांसकट. आणखी काही वर्षांनी मला सोडून सगळ्यांना ती माफी आठवेल. त्या सरदाराचंही असंच झालं असणार. खाडी तुडुंब भरलेली पाहून तो मुकाट्याने परत फिरला असेल, आणि कोणीतरी श्रोत्यांसाठी ओहोटी आणली असेल.

पुस्तकाखाली साष्टांग दंडवतांची रांग लागली होती. ‘अशी नम्रता आता कुठे!’ ‘सर, डोळे पाणावले.’ मी बेडशीटाची घडी घालून बाजूला ठेवली, खुर्चीवर बसले आणि अभिप्राय लिहिला. प्रकरण, मिनिट, सेकंद. भरतीची वेळ आता बरोबर आहे. मुलगी बरोबर होती, हेही बरोबर आहे. त्यापुढचं खोटं आहे. दुसऱ्या दिवशी कोणी बाकाजवळ आलं नाही, हात जोडले नाहीत, त्या वर्षी नाही, पुढच्या वर्षी नाही, आणि कोपरीच्या घाटावर समोर उभं राहूनही नाही. सरांना ती मुलगी आठवतच नाही, हे त्यांनी स्वतः सांगितलं आहे. बासरी काढावी. तारा एक.

खाली ‘एक श्रोता’ लिहिलं नाही. माझं नाव लिहिलं, पूर्ण, माहेरच्या आडनावासकट, शाळेच्या हजेरीत होतं तसं. आणि पाठवून दिलं.

तासाभरात सरांचा फोन आला. नवऱ्याने स्क्रीन पाहिली आणि मोबाईल माझ्यापुढे धरला. “महोदय, उचला. माफी मागतील कदाचित.”

“मागू देत,” मी म्हटलं. “पण आधी चार उशांचे अभ्रे राहिलेत.”

फोन वाजत राहिला. मी पहिला अभ्रा पसरला, पाणी शिंपडलं, कोपरे जुळवले. सरांना बाहेर उभं राहू दे जरा.